मुंबई इलाख्यातला दासीपुत्राचा वारसाहक्क: निकालांत इतका फरक का?

जुनी_कैफियत

नमस्कार मंडळी. मुंबई इलाख्यातले साधारण १८७० ते १९६० या काळातले वाटणीचे दावे वाचतो आहे. वरकरणी परिस्थिती एकसारखीच असते: लग्नाच्या बायकोचा मुलगा, बापाने ठेवलेल्या बाईचा मुलगा (निकालांतला ‘दासीपुत्र’), आणि बाप वारल्यावर भांडण. पण एका निकालात ठेवलेल्या बाईच्या मुलाला इस्टेटीचा चौथा हिस्सा मिळतो, दुसऱ्यात नुसते अन्नवस्त्र, तिसऱ्यात काहीच नाही. एका ठिकाणी तर लग्नाचा मुलगा निपुत्रिक वारल्यावर सगळी इस्टेट या मुलाकडे गेलेली दिसते.

कोर्ट नेमके काय पाहत होते? ‘अर्धा भाग’ म्हणजे कशाचा अर्धा? पाटाच्या, म्हणजे पुनर्विवाहाच्या, बायकोची मुले यात धरायची का? मुलींचे काय? आणि १९५६ नंतर हे सगळे कुठे गेले? जाणकारांनी तपशिलात सांगावे. कलमे, साले चालतील, किंबहुना हवीतच.

मिताक्षरा_वाचक

सुरुवात शास्त्रापासून करतो, कारण कोर्टांनी वापरलेली सगळी चौकट तिथूनच आली.

‘अनौरस’ असा एकच गठ्ठा धर्मशास्त्रात नाही. मनूने बारा प्रकारचे पुत्र सांगितले. त्यांतले सहा वारस आणि नातलग, उरलेले सहा नातलग पण वारस नव्हेत. लग्नाआधी माहेरी झालेला तो कानीन, लग्नाच्या वेळी पोटात असलेला तो सहोढ, नवऱ्याच्या घरात पण कोणापासून ते न कळता झालेला तो गूढज, आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने वाढवलेला तो अपविद्ध. मूल कोणाच्या तरी घरात बसवायचे, ते वाऱ्यावर सोडायचे नाही, असा या यादीचा रोख आहे. कानीन कोणाच्या घरात बसवायचा यावर मात्र शास्त्रकारांचे एकमत नाही. मनू त्याला त्या मुलीशी पुढे लग्न करणाऱ्याचा पुत्र मानतो, याज्ञवल्क्य आईच्या बापाचा.

ही यादी पुढे आटत गेली. इंग्रजी कोर्टांपर्यंत येताना आपल्या भागात प्रत्यक्षात दोनच पुत्र उरले होते, औरस (लग्नाच्या बायकोचा) आणि दत्तक. त्यांच्या शेजारी तिसरा उरला तो दासीपुत्र, आणि तोही शूद्र पित्याचा असेल तरच. त्याचा आधार याज्ञवल्क्यस्मृतीतल्या दायविभागाच्या दोन श्लोकांत आहे. शूद्राला दासीपासून झालेला मुलगा बापाच्या इच्छेने हिस्सा घेऊ शकतो. बाप वारल्यावर भावांनी त्याला अर्धा भाग द्यावा. भाऊ नसतील आणि मुलीचा मुलगाही नसेल तर सगळे त्याचे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत, म्हणजे या स्मृतीवरच्या आपल्या टीकेत, यावर दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मुलगी किंवा मुलीचा मुलगा हयात असेल तर दासीपुत्राला अर्धेच. आणि ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या दासीपुत्राला बापाच्या इच्छेनेसुद्धा हिस्सा नाही. तो अनुकूल वागत असेल तर जगण्यापुरते मिळेल.

म्हणजे तुमच्या पहिल्या दोन निकालांतला फरक बहुधा इथलाच आहे. एकात बाप कोर्टाने शूद्र ठरवला, दुसऱ्यात द्विज, म्हणजे वरच्या तीन वर्णांतला. तेच घर, तशीच बाई, तसेच मूल. हक्क मात्र बापाच्या वर्णावर. ज्या मुलाने यातले काहीच निवडलेले नाही त्याचे आयुष्य त्यावर ठरत होते, हे वाचताना विसरता येत नाही.

दिवाणी_बाजू

वरचे बरोबर आहे. आता कोर्टांनी त्याचे काय केले ते बघू.

पहिली अडचण ‘दासी’ या शब्दाचीच होती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीला कायद्याचा आधार देणे बंद केले. मग दासी राहिलीच कुठे? मुंबई उच्च न्यायालयाने १८७५ मध्ये राही विरुद्ध गोविंद या प्रकरणात वाट काढली: विकत घेतलेली बटीक असण्याची गरज नाही, कायमची ठेवलेली बाई पुरे. पण त्याबरोबर अटी आल्या, आणि तुमचे ‘काहीच नाही’ किंवा ‘नुसते अन्नवस्त्र’ असे निकाल बहुतेक या अटींवर अडलेले असतात.

संबंध सलग आणि एकनिष्ठ हवा. येऊनजाऊन असलेला संबंध चालत नाही. बाई अविवाहित किंवा विधवा हवी. तिचा नवरा जिवंत असेल आणि कायदेशीर सोडचिठ्ठी झालेली नसेल, तर तो व्यभिचाराचा संबंध. त्यातल्या मुलाला वारसा नाही, फक्त पोटगी. निषिद्ध नात्यातला संबंध असेल तरी वारसा नाही. बाई हिंदू हवी. मुसलमान किंवा ख्रिस्ती बाईच्या मुलाला हे श्लोक लागू होत नाहीत.

आता ‘अर्धा भाग’. याची दोन वाचने होतात. एक: तो औरस असता तर जे मिळाले असते त्याच्या निम्मे. दोन: औरस भावाला जे मिळते त्याच्या निम्मे. दोन्हींचा हिशेब वेगळा पडतो. एक औरस, एक दासीपुत्र असेल तर पहिल्या वाचनाने औरसाला ३/४ आणि दासीपुत्राला १/४. दुसऱ्याने २/३ आणि १/३. दोन औरस, एक दासीपुत्र असेल तर पहिल्याने दासीपुत्राला १/६ आणि भावांना ५/१२ प्रत्येकी. दुसऱ्याने १/५ आणि २/५ प्रत्येकी. पहिले वाचन जास्त रूढ झाले, म्हणून तुम्हाला चौथा हिस्सा दिसतो. अपिलात हिस्सा बदललेला दिसला की आधी हे तपासा.

औरस मुलगा नाही, पण विधवा आहे, तर दासीपुत्राला अर्धे आणि विधवेला अर्धे. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, १९२३ मध्ये ते पक्के केले.

तुमच्या चौथ्या निकालाचे उत्तर उत्तरजीवित्वात, म्हणजे मयताचा हिस्सा मागे राहिलेल्या हिस्सेदाराकडे जाण्याच्या नियमात, आहे. बाप हयात असेपर्यंत दासीपुत्राला जन्माने काहीही हक्क नाही. तो वाटणी मागू शकत नाही, बापाने जमीन विकली तर हरकत घेऊ शकत नाही. पण बाप वारला की तो औरस भावाबरोबर सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीचा हिस्सेदार, होतो. मग वाटणी होण्याआधी औरस भाऊ निपुत्रिक वारला, तर त्याचा हिस्साही याच्याकडे येतो. भावाच्या विधवेला पोटगी. मुंबई उच्च न्यायालयाने १८७८ मध्ये सदू विरुद्ध बायजा या प्रकरणात हे मानले, आणि १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ओरिसातल्या एका जमीनदारीच्या खटल्यात त्यावर शिक्का मारला. म्हणजे वाटणीची तारीख आणि भावाच्या मृत्यूची तारीख यांतली आधी कोणती, यावर इस्टेटीचा चौथा हिस्सा की सगळी इस्टेट हे ठरत होते.

उलटी बाजूही आहे, आणि तिथे पुष्कळ दासीपुत्र बुडाले. बाप आपल्या भावांपासून विभक्त नसेल, आणि स्वतःची वेगळी मिळकत न ठेवता, औरस मुलगा नसताना वारला, तर त्याचा हिस्सा उत्तरजीवित्वाने भावांकडे जातो. दासीपुत्र चुलत्यांकडे वाटणी मागू शकत नाही. तो घरातला माणूस म्हणून पोटगी मागू शकतो, इतकेच. प्रिव्ही कौन्सिलचा १९३१ चा वेल्लैयप्पा निकाल याच मुद्द्यावर आहे. चुलत्याचा किंवा चुलतभावाचा वारस म्हणूनही तो उभा राहू शकत नाही. त्याचे नाते बापापर्यंत पोचते, बापाच्या पलीकडे नाही.

द्विज पित्याच्या मुलाला फक्त पोटगी, पण ती मिताक्षरेप्रमाणे जन्मभर, आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवरही मिळत असे. हे लक्षात ठेवा, १९५६ चा विषय आला की लागेल.

मुलींबद्दल थोडक्यात: दासीकन्येला बापाचा वारसा नाही, आणि हिंदू शास्त्राप्रमाणे बापाकडून पोटगीही कोर्टांनी मानली नाही. श्लोकात फक्त मुलगा आहे एवढेच कारण. आईचा वारसा मात्र तिला मिळे. तिला उरला तो फौजदारी मार्ग, म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८. त्यात मूल औरस की अनौरस, जात कोणती, धर्म कोणता हे काहीच विचारत नाहीत. बाप ऐपतदार आहे, मूल स्वतःचे पोट भरू शकत नाही, बाप सांभाळत नाही, एवढे सिद्ध केले की मॅजिस्ट्रेट दरमहा रक्कम ठरवी. रक्कम तुटपुंजी. १९५५ च्या दुरुस्तीनंतरही कमाल ५०० रुपये, आणि १९७३ च्या संहितेतल्या कलम १२५ मध्ये ही मर्यादा पार २००१ पर्यंत टिकली.

मोडी_दप्तर

पाटाचा प्रश्न राहिला, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो.

पाट किंवा मोहतूर हे लग्नच आहे. ज्या जातींत पाटाची चाल होती तिथे पाटाच्या बायकोची मुले औरस. लग्नाच्या बायकोच्या मुलांइतकाच त्यांचा हिस्सा. आर्थर स्टील याने १८२७ मध्ये दख्खनच्या जातींच्या रूढी संकलित केल्या, त्यात पाटाची चाल जातवार नोंदलेली आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने तर सगळ्याच हिंदू विधवांच्या पुनर्विवाहातली मुले औरस ठरवली. त्यामुळे कागदात ‘पाटाची’ दिसली की तिला राखेच्या, म्हणजे ठेवलेल्या बाईच्या, रांगेत बसवू नका. प्रतिवादी मुद्दाम तसे लिहीत. कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी जबाबात) ‘सदर बाई पाटाची नसून ठेवलेली होती’ हे वाक्य इतक्या वेळा येते की तो ठरलेला बचाव समजावा.

घोळ कुठे होतो? पहिला नवरा जिवंत असताना लावलेल्या पाटात. जातपंचायतीने परवानगी दिली, मेजवानी झाली, गावाने मानले. पण नवऱ्याने सोडचिठ्ठी दिलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये स्पष्ट सांगितले की नवऱ्याच्या संमतीशिवाय पंचायत असे लग्न मोडू शकत नाही. परिणाम काय, तर गावाच्या दृष्टीने औरस असलेले मूल कोर्टात अनौरस ठरे, आणि आईचा नवरा जिवंत म्हणून त्याला दासीपुत्राचा अर्धा भागही मिळत नसे. दोन्हीकडून दार बंद. म्हणून कागदात पाटाचा उल्लेख आला की लगेच पाहा: पहिला नवरा कधी वारला, सोडचिठ्ठीचा कागद आहे का, आणि पाट त्यानंतरचा आहे का.

शब्दांकडेही लक्ष द्या. ‘लेकावळा’ म्हणजे बहुधा घरातल्या बटकीचा किंवा कुणबिणीचा मुलगा. ‘राखेचा’ म्हणजे बाहेर ठेवलेल्या बाईचा. दोघेही दासीपुत्राच्या चौकटीत येऊ शकतात. काही घराण्यांत खांड्याशी (तलवारीशी) लग्न लावून आणलेल्या स्त्रिया असत. त्यांचा दर्जा पूर्ण लग्नाचा की नाही यावर स्वतंत्र भांडणे झाली आहेत.

आणखी एक. इंग्रजपूर्व काळात सरंजाम आणि वतन यांचा हिशेब वेगळा. सरंजाम ही सरकारी नेमणूक. ती कोणाच्या नावे चालवायची हे सत्ताधारी ठरवत. महादजी शिंदे हे राणोजींच्या लग्नाच्या स्त्रीचे पुत्र नव्हते, तरी पानिपतानंतर सरंजाम शेवटी त्यांच्याकडे आला, कारण कर्तृत्व आणि पेशव्यांची मान्यता. बाजीराव आणि मस्तानी यांचा मुलगा समशेर बहादूर याला पेशवाईचा वारसा नव्हता, पण बुंदेलखंडात जहागीर होती; तो पानिपतावरच्या जखमांनी १७६१ मध्ये गेला आणि बांद्याचे नबाब त्याचे वंशज. या उदाहरणांवरून खाजगी इस्टेटीचा नियम काढू नये. वाटणीच्या दाव्यांना ती लागू नाहीत.

जुनी_कैफियत

फार उपयोगी. म्हणजे माझ्या दोन निकालांत फरक वर्णाचा असावा. दोन्ही घराणी मराठा आहेत. मग एक द्विज आणि एक शूद्र कसे ठरले? कोर्ट हे कशावरून ठरवी?

दिवाणी_बाजू

घराणेनिहाय पुराव्यावरून. जातीच्या नावावरून नाही.

साक्षी कशाच्या होत ते कैफियतीतच दिसेल: मुंज होते का, जानवे घालतात का, लग्नात मंत्र वेदोक्त की पुराणोक्त, घरात विधवांचा पाट लागतो का, सोयरीक कोणत्या कुळांशी. भिक्षुकाला साक्षीला बोलावत. वंशावळ हजर करत. १९२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तंजावरच्या राजघराण्याच्या इस्टेटीच्या खटल्यात तिथल्या मराठ्यांना शूद्र धरले. शेवटचे राजे दुसरे शिवाजी १८५५ मध्ये वारले होते, आणि खांडा लग्नाच्या स्त्रियांच्या मुलांच्या हक्कावरचे भांडण इतकी वर्षे चालले. चारच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सुब्राव विरुद्ध राधा या प्रकरणात मराठ्यांचे तीन वर्ग केले: पाच कुळे, शहाण्णव कुळे, आणि बाकीचे. पहिले दोन क्षत्रिय, तिसरा शूद्र. त्यामुळे तुमच्या निकालांची तारीख १९२८ च्या अलीकडची की पलीकडची हे आधी पाहा. नंतरचा असेल तर सगळा वाद ‘आमचे कूळ शहाण्णवांत आहे का’ यावर आलेला दिसेल.

आणि कोण काय सिद्ध करू पाहतो तेही बघा. औरस भाऊ घराणे क्षत्रिय असल्याचे सांगतो, म्हणजे सावत्र भावाला फक्त अन्नवस्त्र द्यावे लागेल. दासीपुत्र स्वतःच्याच घराण्याला शूद्र म्हणवून घेण्यासाठी साक्षीदार गोळा करतो, कारण त्याची जमीन त्यावर अवलंबून आहे. कायद्याने माणसाला याहून कठीण जागी उभे केलेले क्वचित सापडेल.

कलम_सोळा

आता १९५५ नंतरचे. इथे मुख्य तारखा तीन: १८ मे १९५५ (हिंदू विवाह कायदा), १७ जून १९५६ (हिंदू वारसा कायदा), २७ मे १९७६ (विवाह कायद्यातली दुरुस्ती). बाप कधी वारला ते या तारखांशी लावल्याशिवाय एकही निकाल नीट समजणार नाही.

१९५६ च्या कायद्याने वर्णभेद संपवला, हे चांगलेच झाले. पण त्याच कायद्यात कलम ३ मध्ये ‘नातेवाईक’ म्हणजे औरस नात्याने जोडलेला अशी व्याख्या आहे. अनौरस मूल फक्त आईचे आणि आपल्या सख्ख्या अनौरस भावंडांचे नातेवाईक मानले. परिणाम असा की शूद्र पित्याच्या दासीपुत्राचा हजारभर वर्षे चालत आलेला हिस्सा एका व्याख्येने गेला. द्विजाच्या मुलाची जन्मभराची पोटगीही गेली. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्याने अनौरस मुलाला सज्ञान होईपर्यंत आणि मुलीला लग्न होईपर्यंतच पोटगी दिली. मुलीच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल, मुलाच्या दृष्टीने मागचे. सुधारणेचा कायदा म्हणून आपण त्याचा गौरव करतो, तेव्हा या मुलांच्या हातून काय गेले तेही लिहायला हवे.

विवाह कायद्याच्या कलम १६ ने दुसरे दार उघडले, पण फक्त रद्दबातल किंवा रद्द ठरवता येण्याजोग्या लग्नाच्या मुलांना. पहिली बायको जिवंत असताना दुसरे लग्न झाले, ते लग्न शून्य, पण मुले औरस. १९५५ च्या मूळ मसुद्यात मेख होती: कोणीतरी कोर्टात जाऊन लग्न शून्य असल्याचा हुकूमनामा घेतला असेल तरच हे संरक्षण. असा हुकूमनामा सहसा कोणी घेतच नसे, म्हणून बहुतेक मुले बाहेर राहिली. १९७६ च्या दुरुस्तीने ती अट काढली. पण पोटकलम ३ ने हक्क आईबापांच्या मिळकतीपुरता ठेवला.

‘आईबापांची मिळकत’ म्हणजे काय यावर पुढे मोठा वाद झाला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त स्वकष्टार्जित मिळकत धरली. २०११ मध्ये दुसऱ्या पीठाने शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवले. १ सप्टेंबर २०२३ ला तीन न्यायमूर्तींनी रेवणसिद्धप्पा प्रकरणात उत्तर दिले: असे मूल जन्माने सहदायाद होत नाही, पण बाप वारण्याच्या क्षणी काल्पनिक वाटणी करून बापाच्या वाट्याला जे येईल, त्यात त्याला इतर मुलांइतकाच हिस्सा.

हिशेब करून दाखवतो. वडिलोपार्जित जमीन. बाप, लग्नाची बायको, तिचा एक मुलगा, आणि शून्य लग्नाचे एक मूल. बाप २०१० मध्ये मृत्युपत्र न करता वारला. काल्पनिक वाटणीत बाप, बायको, मुलगा प्रत्येकी १/३. बापाचा १/३ तिघांत: बायको १/९, मुलगा १/९, दुसरे मूल १/९. एकूण बायको ४/९, मुलगा ४/९, दुसरे मूल १/९. दुसऱ्या बाईला विधवा म्हणून काही नाही. वकील लोक अजूनही पूर्ण जमिनीचे तीन सारखे भाग मागतात आणि तिथेच दावा ढिला पडतो.

लग्न झालेच नाही, नुसते एकत्र राहणे, तर कलम १६ लागत नाही. मात्र स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिले आणि समाजाने तसे मानले, तर कोर्ट लग्नाचे गृहीतक धरते. ते खोडण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर.

मोडी_दप्तर

कलम_सोळा यांच्या तारखांत एक भर घाला, कारण ती खास मुंबई प्रांताची आहे. १९४६ च्या मुंबई द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने इथे हिंदूंचे दुसरे लग्न विवाह कायद्याच्या नऊ वर्षे आधीच शून्य झाले होते. त्याआधी लावलेले दुसरे लग्न पूर्ण वैध, मुले पूर्ण औरस. त्यानंतरचे लग्न शून्य. पण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ मध्य प्रांतात. तिथे हा कायदा नव्हता. म्हणजे १९५० मध्ये पुणे जिल्ह्यात लागलेले दुसरे लग्न शून्य, आणि त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात लागलेले वैध. लग्न कुठे आणि कधी लागले हे दोन्ही लिहून ठेवा.

कलम_सोळा

बरोबर. अशा जुन्या शून्य लग्नांच्या मुलांनाही कलम १६ चा आधार घेता येतो का, हा प्रश्न १९९६ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, आणि न्यायालयाने कलमाचा अर्थ उदारपणे लावला. युक्तिवाद करायचा तर तो निकाल आधी वाचा.

मुसलमान कुटुंबाचा दावा हाती आला तर यातले काही लावू नका. हनफी कायद्यात विवाहबाह्य मूल आईचे आणि आईच्या नातलगांचे वारस, बापाशी नाते नाही. बापाने ‘हा माझा मुलगा’ असे मानले तरी ते लग्न झालेले असणे शक्य होते तिथेच चालते. जिथे लग्न होऊच शकत नव्हते तिथे कबुलीने मूल औरस होत नाही. शिया कायद्यात आईचाही वारसा नाही. गोव्यात तर १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता: बापाने जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा सरकारी दस्तात मूल मान्य केले की नाही हाच तिथला कळीचा प्रश्न.

जुनी_कैफियत

शेवटचा प्रश्न. एका कुटुंबात बाप १९४९ मध्ये वारला, कोर्टाने शूद्र धरला. औरस मुलगा नाही. विधवा आणि राखेचा मुलगा. विधवा १९६३ मध्ये वारली. तिच्या अर्ध्याचे काय?

दिवाणी_बाजू

बाप १९४९ मध्ये वारला, म्हणजे वारसा जुन्या कायद्याने उघडला. मुलाला अर्धे, विधवेला अर्धे. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्याचा त्या हिश्श्यावर काय परिणाम झाला तेही निकालात शोधा, कारण बाप त्यानंतर वारला आहे. त्यातही शेतजमीन आणि घर यांचा विचार वेगळा केलेला असेल.

विधवेचा हिस्सा तेव्हा हयातीपुरता होता. ती १७ जून १९५६ च्या आधी वारली असती, तर तिचे अर्धेही बापाचा वारस म्हणून या मुलाकडे आले असते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला आहे. पण ती १९६३ पर्यंत जगली. १७ जून १९५६ ला जमीन तिच्या ताब्यात असेल तर कलम १४ ने ती पूर्ण मालक झाली, आणि १९६३ मध्ये कलम १५ प्रमाणे तिचे स्वतःचे वारस आले. राखेचा मुलगा तिचा मुलगा नाही, आणि नवऱ्याचा औरस नातेवाईकही नाही. ते अर्धे त्याला मिळत नाही. तिने मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करून दिले असेल तरच.

म्हणून १९५६ च्या जूनमध्ये ताबा कोणाचा होता हे शोधा. सातबाऱ्यावरचे त्या वर्षांचे पीकपाहणीचे रकाने आणि वारसाचा फेरफार दोन्ही काढा. फेरफार हा मालकीचा पुरावा नाही, पण वारस म्हणून कोणाची नावे कोणी सांगितली आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नाही ते त्यात दिसते.

मोडी_दप्तर

आणि मुलाचे नाते सिद्ध करायला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्माची नोंद, आणि शाळेचे जनरल रजिस्टर. कोतवाल बुकात बापाच्या नावाच्या रकान्यात काय आहे ते मूळ पानावरच पाहा, नंतर केलेल्या नकलेवर नको. नकलेत रिकामा रकाना भरलेला असतो. वाद सुरू होण्याआधी घरच्या मयत माणसाने लिहिलेला कागद, लग्नपत्रिका, उत्तरकार्याच्या खर्चाची यादी, गहाणखतात ‘माझा मुलगा’ असा उल्लेख, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ आणि ५० खाली (आता भारतीय साक्ष अधिनियमाची कलमे २६ आणि ४४) चालते. वाद सुरू झाल्यानंतर तयार झालेल्या वंशावळीला कोर्ट फारशी किंमत देत नाही. बाई दुसऱ्याची लग्नाची बायको असेल तर कलम ११२ आडवे येते: लग्न टिकून असताना, किंवा लग्न मोडल्यावर आई अविवाहित राहिली असता २८० दिवसांत जन्मलेले मूल नवऱ्याचेच, दोघांची भेट होणेच अशक्य होते हे सिद्ध केल्याशिवाय. हे कलम आता भारतीय साक्ष अधिनियमात ११६ झाले आहे. त्यामुळे पहिल्या नवऱ्याची मृत्यूनोंद सगळ्यात आधी काढा. तीस वर्षांवरचा मूळ कागद योग्य ताब्यातून आला असेल तर सहीशिक्क्याची साक्ष लागत नाही.